बागेतल्या फिरत्या नाटकासाठी घेतलेले साउंड-लाईटवाले, रत्नागिरीतला आमचा तीन दिवसांचा अनुभव

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईल. नाव आणि नंबर इथे टाकत नाही कारण तक्रारपण लिहिणार आहे आणि त्यांचा गावात धंदा आहे, कोणाचं नुकसान नको. पण ज्यांना बागेत, मैदानात, एखाद्या किल्ल्यावर असं फिरतं नाटक करायचंय त्यांना भाड्याने सामान घेताना नेमकं काय विचारायचं हे कळावं म्हणून सगळं लिहितेय, आम्हाला हे सांगायला कोणी नव्हतं.

आमचा ग्रुप हौशी, राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारा, म्हणजे विंगा, पडदा, बॉक्स सेट, सगळं सवयीचं. यंदा ठरलं की थिबा राजावर, म्हणजे इंग्रजांनी कैद करून इथे आणलेल्या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजावर करायचं आणि नाट्यगृहात करायचंच नाही, नगरपरिषदेच्या बागेत करायचं, आणि प्रेक्षक बसणार नाहीत, चालणार. प्रॉमनेड थिएटर म्हणतात ते. पाच जागा, प्रत्येक जागी दहा-बारा मिनिटांचा प्रसंग, मधे चालणं. १८८५ ला त्याची राजधानी मंडाले पडली, १८८६ ला राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, पॅलेस झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ ला तो इथेच गेला. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत आणि त्यातली जेमतेम सहा त्या पॅलेसमधे, बाकी सगळी भाड्याच्या बंगल्यांत वाट बघण्यात. आमच्या दिग्दर्शकाचं म्हणणं असं की हे प्रेक्षकाला गुबगुबीत खुर्चीत बसवून कळणार नाही, त्यालापण एका जागेवरून उठवून दुसरीकडे न्यायला पाहिजे, जरा रुळला की परत उठवायचं. मला ते पूर्ण पटलं, अजून पटतं.

आणि हे काही बाहेरून आणलेलं फॅड नाही हो. कोकणात शिमग्यात नमनाचे खेळे, म्हणजे नाचत-गात सोंगं आणणारी मंडळी, घरोघर फिरतात, संकासुराचं सोंग पुढे, मृदंग-झांजा आणि मागून अख्खी वाडी, ते काय वेगळं आहे? काशीजवळ रामनगरची रामलीला महिनाभर चालते, अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, लोक प्रसंगामागून प्रसंग चालत जातात, आणि तिथे आजही माइक नाही की विजेचे दिवे नाहीत. हे वाचून आमच्यातल्या दोघांनी धरलं की आपणपण माइकशिवायच करू. केलं, रिहर्सलला, संध्याकाळी साडेपाचला, समुद्राकडून वारा सुटलेला, आमची सुपायालात, म्हणजे थिबाची राणी, जीव तोडून बोलतेय आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला फक्त ओठ हलताना दिसतायत. तेव्हा कळलं, सामान लागणार.

तिघांना विचारलं. पहिल्या दोघांचा पहिला प्रश्न एकच, स्टेज किती बाय किती. स्टेजच नाहीये म्हटल्यावर एकाने हळदीचं पॅकेज पाठवलं, ट्रस, स्मोक, डीजे फ्लोअर सगळं त्यात. तिसऱ्याने विचारलं, "ताई, माणसं किती आणि पायवाट किती रुंद?" तिथेच मी मनातल्या मनात बुकिंग केलं. दुसरा प्रश्न, परमिशनची झेरॉक्स आहे का. नगरपरिषदेची जागेची, पोलिसांची, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेचं सर्टिफिकेट, हे तिन्ही बघितल्याशिवाय त्यांनी अ‍ॅडव्हान्स घेतला नाही. रात्री दहानंतर स्पीकर बंद हे पण त्यांनीच आधी सांगितलं, आमचे रोज दोन प्रयोग, त्यातला दुसरा सव्वानऊला संपत होता त्यामुळे प्रश्न आला नाही.

जागा बघायला ते संध्याकाळी सहाला आले, सकाळी चालेल का विचारलं तर म्हणाले सकाळचा वारा बघून काय करू. येताना खिशात उदबत्तीचा पुडा. मला वाटलं कुठे देवाला लावायला जायचं असेल. तर नाही, त्यांनी पहिल्या जागेवर, जांभ्याच्या पाराजवळ, एक उदबत्ती चिऱ्याच्या फटीत खोचली, पेटवली आणि बाजूला उकिडवे बसले. धूर आडवा, थेट माडांच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. मग दुसऱ्या जागेवर तसंच, तिसऱ्या जागेवर भिंतीआड धूर गोल गोल फिरत होता, तिथे ते पाच मिनिटं बसले आणि नटाला उभं करायची जागा चार पावलं सरकवली. पाचही जागा झाल्यावर मी निघायच्या तयारीत, तर म्हणाले, "थांबा ताई, दुसरा खेळ साडेसातचा ना? मग तवाचा वारा बघूया." साडेसातच्या सुमारास धूर सरळ वर, काडीसारखा. आणि नऊ वाजायच्या आत तोच धूर उलटा, समुद्राकडे वाकलेला. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केलेले, पण एका उदबत्तीवर वारा फिरताना मी पहिल्यांदा बघितला.

याचा उपयोग काय तर वाऱ्याच्या दिशेने आवाज खाली वळतो आणि लांबपर्यंत जातो, वाऱ्याविरुद्ध तो वर उचलला जातो आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातो, हे आमच्या ग्रुपमधल्या फिजिक्सच्या मॅडमनी नंतर समजावलं. त्यामुळे पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक माडांच्या बाजूला उभे करायचे, आणि दुसऱ्या प्रयोगाचे शेवटचे दोन प्रसंग उलटे फिरवायचे, नट माडांकडे आणि प्रेक्षक समुद्राच्या अंगाला. ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं ते, दोनदा बसवावं लागलं, नटांनी कटकट केली, पण ऐकू आलं. कोकण किनाऱ्यावर कोणी उघड्यावर नाटक करणार असेल तर हे एवढं तरी कराच, उदबत्तीचा पुडा दहा रुपयांना येतो.

सामान काय दिलं ते सांगते. बॅटरीवर चालणारे चाकांचे ट्रॉली स्पीकर चार, कॉलर माइक सहा, एलईडी पार (रंगमंचाचे गोल दिवे) चौदा, ईएलसीबीसकट (करंट गळला की वीज तोडणारं बटण) डिस्ट्रिब्युशन बोर्ड, केबल, आणि दहा केव्हीएचा सायलेंट जनरेटर. तीन दिवसांचे अठ्ठावीस हजार, डिझेल वेगळं. दहा केव्हीए बघून मी विचारलं होतं की एवढा मोठा कशाला, चौदा एलईडी सगळे धरून अडीच किलोवॅटच्या आत बसतात, पूर्वीसारखे हजार-हजार वॅटचे हॅलोजन असते तर चौदा किलोवॅट लागले असते. त्यावर त्यांचं उत्तर, छोटा जनरेटर उघडा असतो, तो बोंबलतो, तुमचा राजा मरताना मागे तो आवाज चालेल का? सायलेंटवाल्याला एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत राहायचा नियम आहे, आणि हा तर बागेच्या भिंतीबाहेर, फाटकाजवळ, जवळजवळ चाळीस मीटरवर ठेवलेला, मी शेवटच्या प्रसंगात मुद्दाम कान देऊन ऐकलं, रातकिड्यांचा आवाज जास्त होता.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहायला बसले. आम्ही धरून चाललो होतो की प्रेक्षकांना पुढे न्यायचं काम व्हॉलंटिअरचं. सहा पोरं ठेवली होती, गळ्यात कार्ड, "चला चला, पुढे चला" म्हणायला. पहिल्या रंगीत तालमीला चाळीस माणसं बोलावली होती आणि ती पोरं ओरडून दमली, माणसं हलेनात. साठ-पासष्ट वयाचे काका झाडाखाली उभे राहून गप्पा मारतायत, बायका फोटो काढतायत, आणि दुसऱ्या जागेवर नट ताटकळत उभा. लाईटवाल्या मालकांनी हे सगळं गप्प बघितलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही मागचा उजेड चालू ठेवलाय. उजेड मागे ठेवलात तर माणूस मागेच थांबणार."

मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. प्रसंगाचं शेवटचं वाक्य झालं की लगेच काळोख नाही, तसं केलं तर म्हातारी माणसं घाबरतात आणि पायरीवर अडखळतात. आधी पुढच्या जागेवर एकच दिवा, मंद, पिवळसर, नुसती चाहूल लागेल इतकाच. दहा सेकंद तसंच. चार माना वळतात. मग इकडचा उजेड हळूहळू उतरवायचा, पूर्ण विझवायचा नाही, पायाखालची वाट दिसेल एवढा ठेवायचा, आणि तिकडचा चढवायचा. व्हॉलंटिअरला तोंड उघडायची गरज पडली नाही, चाळीस माणसं आपोआप वळली आणि चालायला लागली. मी तिथेच उभी होते, अंगावर काटा आला. म्हणजे नाट्यगृहात लाईटवाला नटाला उजळतो आणि इथे तो प्रेक्षकाला चालवतो, त्याच्या हातात अर्धं दिग्दर्शन असतं. हे आम्हाला कळलं नव्हतं, आम्ही लाईटचं सामान भाड्याने घ्यायला निघालो होतो, खरं तर घ्यायची होती ती ते सामान घेऊन प्रेक्षकांबरोबर चालणारी माणसं.

मृदंगाची आयडिया मात्र आमची. वाडीतल्या नमन मंडळाचे एक मृदंगवाले काका आमच्यात होते, ते प्रत्येक वेळी पुढे चालायचे, साधा ठेका धरून, आणि लोक पालखीमागून चालावं तसे चालायचे. साउंडवाल्यांनी त्यांना माइक लावायला साफ नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाले, स्पीकरमधून वाजलं की माणूस स्पीकरकडे बघतो, मृदंगाकडे नाही. बरोबर होतं. अजून एक, संगीत दोन जागांच्या स्पीकरवर एकदम लावू दिलं नाही त्यांनी. जागा एकमेकींपासून पन्नासेक मीटरवर, आवाजाला तेवढं अंतर जायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो, तेवढ्याने पण दुसऱ्या स्पीकरचा आवाज प्रतिध्वनीसारखा मागून येतो आणि शब्द कळत नाहीत. मागचा उतरवून मगच पुढचा चढवायचा, उजेडासारखंच.

आणि जांभ्यावर निळा लाईट मारू नका. आम्हाला बोटीच्या प्रसंगाला निळा हवा होता, राजाला घेऊन बोट येते तो. लाल दगड निळ्यात काळा पडतो, सगळं मेल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी निळा फक्त पांढऱ्या कापडावर ठेवला आणि चिऱ्यांच्या पायऱ्यांवर हलका अंबर, तर त्या पायऱ्या आतून तापल्यासारख्या दिसायला लागल्या, एक-एक भोक दिसत होतं दगडाचं. तो प्रसंग मी तिन्ही दिवस, सहाही वेळा, बाजूला उभी राहून बघितला. कोपऱ्यातल्या मोठ्या झाडावर संध्याकाळी बगळे येऊन बसतात, त्या झाडावर खालून लाईट मारायचा दिग्दर्शकाचा हट्ट होता, सुंदर दिसलं असतं खरंच, पण लाईटवाल्या पोराने हात लावला नाही. पाखरं रात्रीची उठतात, अंधारात कुठे जातील, म्हणाला. दिग्दर्शकानेपण मग ऐकलं.

आता जे चुकलं ते. पहिल्या दिवशी कॉलर माइकला फोमच्या टोप्या नव्हत्या. सहापैकी दोन माइकवर होत्या, चार उघडे, आणि पहिल्या प्रसंगात राजाचा आवाज कमी आणि वाऱ्याची फरफर जास्त. बंद हॉलची कामं करणाऱ्यांना याची सवय नसते हे समजू शकते, पण उदबत्ती लावून वारा बघणाऱ्या माणसाने हे विसरावं याचं वाईट वाटलं. मधल्या वेळात त्यांनी स्पंज कापून रबरबँडने बांधला, दुसऱ्या दिवशी नीट टोप्या आल्या. दुसरं, वायरलेसचा रिसीव्हर त्यांनी पहिल्या जागेजवळ टेबलावर ठेवला होता, चौथ्या जागेवर गेल्यावर मधे झाडं आणि साठ माणसांची भिंत, सिग्नल तुटायला लागला, दोन वाक्यं अर्धी गेली. हा दोष त्यांनी लगेच मान्य केला आणि रिसीव्हर-मिक्सर सगळं एका हातगाडीवर चढवून ती गाडी गर्दीच्या आधी पुढच्या जागेवर नेऊन ठेवायला लागले. तुम्ही पहिल्या दिवसापासून हातगाडीच मागा, आणि चाकांना तेल घालून घ्या.

दुसऱ्या रात्री दव प्रचंड पडलं. जानेवारीत आपल्याकडे पडतंच, गवत ओलंचिंब, खुर्च्यांवर पाणी. राजकन्यांचा प्रसंग रंगात आलेला आणि फट्, सगळे दिवे गेले. ईएलसीबी ट्रिप झाला होता, गवतातल्या एका जॉइंटमधे ओल गेली होती. पाच-सहा मिनिटं काळोख. माइक आणि स्पीकर बॅटरीवर म्हणून आवाज चालू होता, आमच्या धाकट्या राजकन्येने वाक्य तोडलं नाही, बोलत राहिली, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या चेहऱ्यावर धरला. मग दुसरा टॉर्च, तिसरा, वीस-पंचवीस झाले. तो प्रसंग दिव्यात कधी तसा झाला नाही आणि होणारपण नाही.

लोकांना वाटलं लाईट जाणं म्हणजे सर्व्हिस खराब. मी उलट म्हणेन, तो ईएलसीबी तीस मिलीअँपिअरवाला होता, एवढासा करंट जमिनीत गळला की तोडतो, आणि त्याने तोडलं म्हणूनच ओल्या गवतात अनवाणी उभ्या असलेल्या मुलींना काही झालं नाही. बोर्डावर तो आहे का हे बुकिंगच्या वेळी विचारा, नसेल तर कितीही स्वस्त असो, नाही म्हणा. जॉइंट उघडा गवतात ठेवला ही मात्र चूकच. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले, कुठूनतरी नारळाच्या करवंट्यांची पिशवी घेऊन, आणि प्रत्येक जॉइंट दोन उपड्या करवंट्यांवर उचलून ठेवला, वर प्लास्टिकचं घमेलं पालथं. परत काही झालं नाही.

आणि आता तो कापलेला स्टार. ठरलं होतं तीन माणसं, दोन ऑपरेटर आणि एक मदतनीस. तिसऱ्या दिवशी, जेव्हा सगळ्यात जास्त गर्दी होती, दोन्ही प्रयोग फुल्ल, प्रत्येकी साठच्या वर माणसं, त्या दिवशी एकच पोरगा आला. लग्नसराई, मालकांनी बाकीची माणसं दुसरीकडे लग्नाच्या ऑर्डरला पाठवली होती आणि स्वतःपण तिकडेच. आम्हाला फोन आला दुपारी चारला. तो एकटा पोरगा लाईट उतरवणार, हातगाडी ढकलणार की माइकच्या बॅटऱ्या बदलणार? पहिल्या प्रयोगात तिसऱ्या जागेवरचा उजेड उतरवायला तो पोचलाच नाही, आणि जे व्हायचं तेच झालं, अर्धी माणसं चौथ्या जागेवर आणि अर्धी मागेच, रिकाम्या उजेडाकडे तोंड करून उभी. राजा मरताना तीस जणांनी त्याची पाठ बघितली. आठ महिने मेहनत केलेल्या नटाच्या डोळ्यांत पाणी होतं, भूमिकेतलं नव्हे. दुसऱ्या प्रयोगाला आमच्याच दोन व्हॉलंटिअरना पटापट शिकवून डिमरवर बसवलं आणि निभावलं. पण ज्या माणसाने आम्हाला शिकवलं की या नाटकात उजेडाबरोबर चालणारा माणूस हवा, त्यानेच तो काढून घेतला, याचा राग मला अजून आहे, आणि त्यांना तोंडावर सांगितलाय.

त्यांनी वाद घातला नाही. रात्री साडेनऊला लग्नाची ऑर्डर टाकून आले, प्रेक्षक निघून गेले होते, आम्ही पाराजवळ बसून चहा पीत होतो. बिलातले तीन हजार स्वतःहून कमी केले. मग बॅटरी घेऊन गवतात वाकून एक-एक करवंटी उचलायला लागले, मोठ्याने मोजत, सकाळी मुलं इथे खेळतात, पायाला लागेल म्हणून. ठेवल्या होत्या बावीस. एकवीस सापडल्या तेव्हा मी पण उठले. बाविसावी कारंज्यामागे केबलच्या वळणाखाली निघाली.

फेब्रुवारीत परत तीन प्रयोग आहेत, त्यांनाच सांगितलंय. पावतीवर "तीन माणसं, तिन्ही दिवस" असं लिहून सही घेतलीय.